एफी आत्या उजळली ती रात्र

माणूस मेला की त्याचे ठिपके थांबतात, हे एल्साला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. तारा मात्र थांबत नाही. एकाचे ठिपके संपले की पुढे दुसऱ्या कुणाचे तरी सुरू होतात, आणि त्या दुसऱ्याला पहिल्याचं नावही ठाऊक नसतं.

काम तसं सरळ होतं. दक्षिणेकडच्या तारानिरीक्षकांच्या एका जुन्या मंडळाला शंभर वर्षं होत होती. मंडळातले लोक शास्त्रज्ञ वगैरे नव्हेत. मेंढ्या राखणारे, पोस्टमास्तर, शिक्षिका, दातांचे डॉक्टर असे लोक. रात्री घरामागच्या कुरणात दुर्बीण लावायची, तेज कमीजास्त होणारा एखादा तारा शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा, किती उजळ वाटला तो आकडा लिहायचा आणि महिनाअखेरीला मंडळाकडे पाठवायचा. बदल्यात मिळते ती फक्त सर्दी. शंभर वर्षांचे असे सगळे आकडे तामातीने संगणकात चढवले होते. तामाती मंडळाचा चिटणीस, आणि पोटासाठी गुरांचा डॉक्टर.

"आन्टी, मला एकच चित्र हवंय," त्याने फोनवर सांगितलं होतं. "भिंतीएवढं. एकच तारा, शंभर वर्षं, सगळी माणसं. तुम्ही जन्मभर सरकारला आकड्यांची चित्रं काढून दिलीत, सरकारने कधी धड पाहिली तरी का? आमचे लोक नाक लावून बघतील."

एल्साने हो म्हटलं. ती साठीची होती, वेलिंग्टनची नोकरी संपली होती, आणि नेस्बी गावातलं वडलांचं घर आवरायला म्हणून येऊन राहिली होती. वडील, डगल, आता गावातल्या वृद्धांच्या घरी असत. डोळे गेलेले, डोकं शाबूत. मंडळाच्या इतिहासात सर्वात जास्त निरीक्षणं त्यांच्या नावावर होती, साठेक हजार. चित्राच्या खाली त्यांचं नाव मोठ्या अक्षरात यायचं होतं. पण एल्साने हो म्हटलं ते काही बापाच्या प्रेमापोटी नव्हे. आईला सोडून हा माणूस आयुष्यभर काय बघत बसला, ते तिला एकदा बघायचं होतं.

तारा कोणता घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. यादीत त्याला रुक्ष अक्षरं-आकड्यांचं नाव होतं, डगलच्या घरात त्याला एफी आत्या म्हणत. डगलची खरीखुरी एफी आत्या न सांगता टपकायची, दोन दिवस घर डोक्यावर घ्यायची आणि तशीच नाहीशी व्हायची. तारा तसाच होता. तीन-चार आठवडे मंद, कंटाळवाणा, नजरेत न भरणारा. मग एखाद्या रात्री अचानक कितीतरी पटीने भडकायचा आणि दोन दिवसांत पुन्हा विझत यायचा. कधी भडकेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून तर रोज बघायचं.

एल्साने काळ आडवा मांडला, तेज उभं. वर उजळ, खाली मंद. प्रत्येक माणसाला वेगळा रंग दिला, वडलांना नारिंगी. पडद्यावर खाली मंद ठिपक्यांची जाड पट्टी आणि मधूनमधून वर उसळणारे सुळके, असं ते चित्र उमटलं. पहिले दोन दिवस तिला त्यात तारा दिसला. तिसऱ्या दिवसापासून माणसं दिसायला लागली.

क्वीन्सलंडचा एक पोस्टमन एकोणीसशे बेचाळीसमध्ये थांबला तो कायमचा. नेल्सन गावच्या एका म्हाताऱ्याचे जांभळे ठिपके हळूहळू इतरांपासून सरकत गेले होते, वर्षानुवर्षं, आणि एका महिन्यात टुणकन जागेवर परत आले. मोतीबिंदू. एल्साने त्या माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढताना पाहिला, आणि काढलेलाही पाहिला. ट्रान्सवालच्या एका बाईंचे ठिपके शेवटच्या वर्षी विरळ झाले होते, रोजचे आठवड्यावर आले, मग एकच आला. त्या एका ठिपक्याकडे एल्सा चहा गार होईपर्यंत बघत राहिली. स्मशानात सगळे डोळे मिटून असतात, इथे सगळे उघडे होते. दुपारच्या लख्ख उन्हातही तिला वाटायला लागलं की हे लोक पडद्यामागे उभे आहेत आणि ताऱ्याकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतायत. तिने खुर्ची भिंतीला टेकवली. निदान पाठीमागे तरी कुणी असायला नको.

मागे कुणीतरी असल्याची सवय तिला जुनीच होती.

ती पंधराची असताना आई गेली. नोव्हेंबर महिना, शालान्त परीक्षा चालू, एल्सा डनीडनला शाळेच्या वसतिगृहात. आईचं, विनीचं, हृदय लहानपणी आलेल्या तापाने अधू झालेलं; इस्पितळाच्या वाऱ्या तिच्या पाचवीला पुजलेल्या. त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं. डगल कुरणातल्या पत्र्याच्या खोलीत दुर्बिणीपाशी होता, पहाटेपर्यंत. घरात आला तर विनी गार पडलेली. असं त्याने डॉक्टरांना सांगितलं, असंच विनीच्या डनीडनच्या बहिणीला, रूबी मावशीला सांगितलं. तिने हाक मारली असणार, मला ऐकू आली नाही, असं म्हणाला.

दफनाच्या वेळी सगळ्यांच्या देखत एल्सा म्हणाली होती, "बाबा, तुला आभाळाच्या टोकाचं दिसतं. शंभर पावलांवर आई हाका मारत मेली ती ऐकू आली नाही तुला." डगलने बुटांकडे बघितलं. एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

ती हाक मात्र एल्साला ऐकू यायला लागली. कुठल्याही घरात, सगळीकडे सामसूम झाली की खोलीच्या त्या टोकाकडून, दम नसलेल्या आवाजात: "डगल." कधी ती झोपेत मोठ्याने उत्तर द्यायची, "आले गं." नवरा दचकून उठायचा. संसार मोडला त्याला दुसरी कारणंही होती, पण जाताना तो म्हणाला होता की या घरात आपण दोघंच असतो तर निभलं असतं.

तर चित्र. तामातीच्या संगणकात एक चाळणी होती. इतरांपासून फार लांब पडलेला ठिपका ती परस्पर टाकून द्यायची. लिहिणाऱ्याचा हात चुकला असेल, असं धरून. जगभर सगळे असंच करतात. एल्साला ते पटेना. शंभर वर्षांचं चित्र काढायचं आणि माणसांच्या चुका तेवढ्या गाळायच्या, मग उरलं काय? तिने चाळणी काढली. पट्टीच्या वर-खाली धुरळा उडाल्यासारखे हजारेक ठिपके पसरले. कुणी शून्य विसरलेलं, कुणी भलताच तारा बघितलेला. तिला गंमत वाटली. एकेका ठिपक्यावर बाण नेऊन ती कोण वेंधळा ते बघत बसली.

एका सुळक्याखाली एकच नारिंगी ठिपका लोंबकळत होता. त्या रात्री ऑस्ट्रेलियापासून आफ्रिकेपर्यंत ज्याने ज्याने एफी आत्या पाहिली, त्याला ती भडकलेली दिसली होती. निळे, हिरवे, जांभळे, सगळे वर. नारिंगी एकटा खाली. एल्साने बाण नेला. तारीख उमटली.

ती तारीख तिने दगडावर कोरलेली पाहिली होती.

आधी तिने अक्कल वापरली. मंडळात तारीख ग्रीनिचची, म्हणजे जागतिक वेळेची लिहितात. इथली पहाट म्हणजे तिकडचा आदला दिवस, आणि नवशिके इथे हमखास ठेचकाळतात. डगल नवशिका नव्हता, तरी तिने ठिपका एक दिवस पुढे सरकवून बघितला. पुढच्या रात्री घरात शवपेटी होती आणि डगल रूबी मावशीसमोर बसून होता. एक दिवस मागे सरकवला. मागच्या रात्रीवर त्याच्याच हातची नोंद होती: ढग. मग तिने शेजारचे तारे तपासले, चुकून दुसराच बघितला असेल तर. तेवढ्या तेजाचा शेजारी एकही नव्हता. आकडा एफी आत्याच्या रोजच्या मंदपणाचा होता. ज्याने ती वर्षानुवर्षं पाहिलीय त्याला घरात बसून, डोळे मिटून सांगता येईल असा.

त्या रात्री त्याने आणखी पाच तारे नोंदले होते. तेही तिने काढले. ते सगळे संथ, महिनोन्महिने कूस न बदलणारे. त्यांचा अंदाज कुणीही बांधील. ते बरोबर निघाले. फक्त आत्याबाईंनी न सांगता येऊन घात केला होता.

म्हणजे तो दुर्बिणीपाशी नव्हताच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. या चोराने चांदण्यावरच हात मारला होता. एल्सा अंगणात जाऊन उभी राहिली. तिला संताप आवरेना. पंचेचाळीस वर्षं तिने वेड्या बापाला शिव्या घातल्या, पण वेडा म्हणून. निदान त्याचं वेड तरी खरं होतं. आता कळत होतं की आई मरत होती तेव्हा तो भलतीकडेच होता. कुठे? कुणाकडे? गावात तेव्हा एका विधवेवरून कुजबूज होती. लहानपणी कानावर पडलेलं एकेक वाक्य आता तिच्या डोक्यात नीट रांगेत येऊन बसायला लागलं.

संध्याकाळी तिने तामातीला फोन केला आणि होतं ते सांगितलं.

तामाती म्हणाला, "हात चुकला म्हणू या, आन्टी. सगळ्यांचे चुकतात. मी एकदा गायीचं वजन ताऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं."

"चुकला नाहीये. बनवलाय."

"असं बोलू नका हो."

"नियम काय आहे तुमचा?"

"तुम्हाला ठाऊक आहे नियम."

"तू सांग."

"एक ठिपका न बघता लिहिला असं सिद्ध झालं, तर त्या माणसाचे सगळे संशयित," तामाती नाराजीने म्हणाला. "कुणी वापरत नाही मग. असून नसल्यासारखे. आन्टी, डगलकडून शिकलोय मी. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, दिसलं तेवढंच लिही, नाही दिसलं तर नाही दिसलं लिही. साठ हजार आहेत त्यांचे. ते गेले तर एफी आत्याची मधली तीस वर्षं भोकाभोकांची होतील."

"शुक्रवारी चित्र छापायला जायचंय ना?"

"हो."

"तोवर सांगते."

तिला ठिपका पुसून टाकता आला असता. एक कळ दाबायची, चाळणी पुन्हा लावायची, विषय संपला. बापाचं नाव मोठ्या अक्षरात भिंतीवर लागलं असतं. किंवा खरं बोलायचं, आणि म्हाताऱ्याचं अख्खं आयुष्य एका फटक्यात कचऱ्यात. खरं सांगायचं तर तिला यातलं दुसरं करावंसं वाटत होतं, आणि आपल्याला ते करावंसं वाटतंय याचीही लाज वाटत नव्हती. पण आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

सकाळी ती गेली तेव्हा डगल खिडकीपाशी उन्हात बसला होता. तिथे देखभाल करणारी, टोंगाहून आलेली लूपे त्याच्या मांडीवर पंचा पसरून हातात चीज रोल देत होती.

"आजोबांनी काल दोन खाल्ले आणि मला म्हणाले एकच खाल्ला," लूपे म्हणाली. "मोजायच्या माणसाने असं करावं?"

"डोळे नाहीत मला. मोजू कसं?" डगल म्हणाला. मग पावलांच्या आवाजाकडे मान वळवली. "एल्सा. चित्र झालं?"

"झालं."

लूपे दार ओढून गेली.

"मला सांग कसं दिसतंय," तो म्हणाला. "सावकाश सांग. डावीकडून."

तिने डावीकडूनच सांगायला घेतलं. पट्टी, सुळके, पोस्टमन, जांभळा मोतीबिंदू. डगलचा चेहरा उजळला होता. नावं तो आपणहून सांगत होता, कोण किती खडूस ते सांगत होता. ती त्या नोव्हेंबरपाशी आली. "इथे एक सुळका आहे," ती म्हणाली. "सगळे वर आहेत. तू एकटा खाली."

चीज रोलचा हात मांडीवर आला.

"किती वर गेली होती?" त्याने विचारलं.

"बाबा."

"किती वर? मंडळाच्या पत्रकात सरासरीच छापली होती. नीट कळलं नाही मला कधी."

तिने आकडा सांगितला. त्याने मान हलवली. "मोठी उसळली होती तर," तो म्हणाला. "आदल्या रात्री ढग होते. मला काय ठाऊक. दुर्बिणीपाशी होतो असं सांगितलं होतं, म्हणून नेहमीचा आकडा टाकला. पत्रक चार महिन्यांनी आलं. म्हटलं आता कुणीतरी विचारेल. एकाने विचारलं नाही. हात चुकला असेल म्हणाले, डगल आहे, चालायचंच. दर महिन्याला पाकीट उघडताना वाटायचं, आज आलं."

"मागे का नाही घेतलास?"

"मागे घेतला असता तर पुढचा प्रश्न आला असता. मग कुठे होतास."

"मग कुठे होतास?"

बाहेर कुणीतरी गवत कापण्याचं यंत्र सुरू केलं, बंद केलं.

"त्या बाईकडे होतास?"

"कुठल्या बाईकडे?" तो खरोखरच गोंधळला. "घरात होतो मी. पलंगावर. आडवी झाली की तिला धाप लागायची, म्हणून मी मागे बसलो होतो आणि ती माझ्या छातीला टेकून. पाय बधिर झाले माझे. सकाळी उठता येईना."

एल्सा पलंगाच्या कडेवर बसली.

"कधीपासून?"

"उजेड होता अजून."

"डॉक्टरला का नाही बोलावलंस?"

"नको म्हणाली. पुन्हा इस्पितळ नको, पुन्हा नळ्या नको. मी फोनपाशी गेलो तशी रडायला लागली, म्हणून परत आलो. मग शांत होती. बोलत होती. पिगरूटच्या घाटात आमची गाडी बंद पडली होती ते बोलत होती. हसत होती मधूनच."

"मग हे खोटं कशाला? तू तिच्याजवळ होतास. हे सांगायला काय झालं होतं तुला? पंचेचाळीस वर्षं मी..."

"तू विचारलं असतंस."

"काय विचारलं असतं?"

"मला का नाही बोलावलं, ते."

खोलीत काही क्षण कुणीच नव्हतं असं एल्साला वाटलं, ती स्वतःसुद्धा.

"मी म्हटलं तिला," डगल म्हणाला. "विनी, दोन तासांचा तर रस्ता आहे, रूबी पोरीला गाडीत घालून घेऊन येईल. तर म्हणाली, उद्या तिचा गणिताचा पेपर आहे, झोपलेली असेल, उठवू नकोस. मी पुन्हा म्हटलं. म्हणाली, मला अशी बघायला नको तिने. माझा हात धरून वचन घेतलं. सकाळी वसतिगृहात फोन केला तोही पेपर सुटेपर्यंत सांगू नका म्हणून. तिने तसंच सांगितलं होतं. मग मला वाटलं, वेळ होता हे पोरीला कळलं तर ती आईवर चिडेल, मेलेल्या माणसावर चिडून कुठे जाणार? आणि स्वतःवर चिडेल. बापावर चिडलेली बरी. बाप तारे बघत बसला, ऐकू आलं नाही. चीड पचते माणसाला. ते दुसरं पचलं नसतं तुला."

"चांगले मार्क पडले मला गणितात," एल्सा म्हणाली.

"ठाऊक आहे."

तिला वाटलं होतं, खरं कळलं की ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. आई एकटी मेली नव्हती. कुणी हाक मारलीच नव्हती. जिला ती आयुष्यभर "आले गं" म्हणत राहिली तिने नवऱ्याच्या छातीला टेकून, हसत, बोलत रात्र काढली होती. याचा आनंद व्हायला हवा होता, आणि कुठेतरी तो झालाही असेल. पण त्या हाकेच्या जागी आता वसतिगृहाच्या जिन्याखालचा काळा टेलिफोन येऊन बसला होता. तो वाजत नव्हता. वर एक पोरगी त्रिकोणांची सूत्रं घोकत झोपली होती, आणि रात्र बाकी होती, अख्खी.

"तो ठिपका काढ," डगल म्हणाला. "आणि नियम पाळ. न बघता लिहिलं मी. माझे सगळे काढ."

"गप्प बस," ती म्हणाली, आणि त्याच्या मांडीवरचे चुरे झटकून पंचा घडी करून ठेवला. जाताना तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिने त्याला हात लावला त्याला किती वर्षं झाली होती ते दोघांनाही आठवलं नसतं.

घरी येऊन ती कामाला बसली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. बापाचे सगळे ठिपके तिने वेगळे काढले आणि त्या त्या रात्रीच्या इतरांच्या ठिपक्यांशी एकेक करून ताडले. डगलच्या डोळ्याची एक खोड निघाली. एफी आत्या असो की दुसरा कुठला तारा, त्याला तो नेहमी इतरांपेक्षा किंचित जास्त उजळ दिसायचा, केसभर. तरुणपणी केसभर, म्हातारपणीही केसभर. साठ हजार ठिपक्यांची एक नारिंगी रेघ तयार झाली, सगळी त्या केसभर वर. दृष्टी अधू व्हायला लागली तिथे ती थरथरली होती, पण रेघ सोडली नव्हती. अशी खोड ठरवून बनवता येत नाही. ज्याने खरंच बघितलंय त्याच्याच ठिपक्यांना ती चिकटते. फक्त एका रात्रीच्या सहा ठिपक्यांत ती नव्हती. एल्साने ते चित्र तामातीला पाठवलं.

तासाभराने त्याचा फोन आला. त्याचा आवाज मोकळा होता.

"आन्टी, हे पुरे आहे. हे समितीपुढे ठेवलं तर कुणाची हिंमत होणार नाही बाकीच्यांना हात लावायची. ती एक रात्र तेवढी काढू. म्हाताऱ्याचं नाव लागणार भिंतीवर."

"काढ."

"काढतो. आत्ताच. पण कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिही, निरीक्षक दुर्बिणीपाशी नव्हता. घरात होता. बायकोजवळ."

कळा वाजल्याचा आवाज आला. मग त्या थांबल्या. "अरे," तामाती हळूच म्हणाला. मग पुढच्या रकान्याकडे वळला. "हवामानाचा रकाना रिकामा आहे. आभाळ कसं होतं त्या रात्री?"

"स्वच्छ," एल्सा म्हणाली. "आभाळ स्वच्छ होतं. रस्ताही मोकळा होता."

"रस्ता?"



"नाही," ती म्हणाली. "ते नको लिहूस."